भाऊजींचं रिकव्हरिन

लाइट गेली की माणसं मेणबत्ती शोधतात, काडेपेटी शोधतात, नाहीतर वीजवाल्यांसाठी नवी शिवी शोधतात. आमचे भाऊजी काहीच शोधत नसत. ते जागच्या जागी टाळी वाजवत आणि लग्नघरातल्यासारखे ओरडत, "कोणी काही लावायचं नाही! अंगणात चला!"

कापूस पडत्या भावात गेला ती वर्षं. पुसदला तेव्हा लाइट जायची नाही, लाइट यायची. म्हणजे बातमी तिच्या येण्याची असे. त्यामुळे भाऊजींचा आनंद रोजचाच होता. घरात जो कोणी सापडेल, मग तो पाहुणा असो, दूधवाला असो, की लग्नपत्रिका द्यायला आलेला अनोळखी इसम, त्याला अंगणात खुर्ची मिळे. सगळ्यांनी ओट्याकडे तोंड करून बसायचं. आणि मग अंधारातून भाऊजींचा गंभीर आवाज येई, "काय दिसतं?"

आधी कोणालाच काही दिसत नसे. मग भिंतीची कड दिसे, दोरीवरचा टॉवेल दिसे, आणि सगळ्यांत शेवटी ओट्यावरची तुळस. ज्याला दिसली त्याने "तुळस" म्हणायचं. पहिला नंबर कायम ताईचा. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, भाऊजींची बायको. लोकांचं बूड खुर्चीला टेकायच्या आत ती "तुळस" म्हणून मोकळी होई. मी कायम शेवटचा. एकदा ईर्ष्येने मी लवकर "तुळस" म्हणालो, तर ती तुळस अंग झाडून निघून गेली. शेजारचं मांजर होतं. भाऊजींनी ते महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं.

भाऊजींचं नाव सुधाकरराव. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मी सिंचन खात्यात कारकून, त्यांच्याच गल्लीत राहणारा. विज्ञानाशी माझा संबंध फ्यूजची तार बदलण्यापुरता, आणि तोही बायको शिडी धरून उभी असेल तरच. पण भाऊजींना ऐकणारा लागे आणि मला ताईच्या हातचा चहा लागे, असा आमचा दोघांचा व्यवहार जमला होता.

त्यांना कशाहीबद्दल "हे कायले करता?" असं विचारलं की एकच उत्तर येई. "कुतूहल आहे. बाकी काही नाही." पालीच्या तुटलेल्या शेपटीजवळ तासभर बसणं, हे कुतूहल. गाजराचा हलवा खाताना डोळे मिटून बसणं, हेही कुतूहल. तिथे मला वेगळा संशय होता.

दुसरं वेड म्हणजे घरातली एकही वस्तू हलवायची नाही. खुर्च्यांच्या पायांभोवती, घरात आणि अंगणातही, फरशीवर त्यांनी पांढऱ्या रंगाने गोल काढून ठेवले होते. तांब्या तिपाईच्या डाव्या कोपऱ्यात, चपला दाराच्या उजवीकडे, तोंडं भिंतीकडे. मी एकदा पेपर वाचायला खुर्ची खिडकीपाशी ओढली तर हा शांत माणूस स्वयंपाकघरातून धावत आला. "गोलात! गोलात ठेव!"

"हे घर आहे का नकाशा?" ताई म्हणायची. पण ती स्वतःही खुर्ची गोलातच ठेवायची. नवऱ्याच्या वेडापुढे बायकोने हात टेकले, असं मी समजून चालत असे.

आणि तिसरं, दिवेलागणीच्या आत घरी. सभा असो, सत्कार असो, कोणाचं तेराव्याचं जेवण असो, सूर्य कलला की भाऊजी उठले. कॉलेजातली मंडळी त्यांना मागून 'कोंबडं' म्हणत. पुढूनही म्हणत असावीत.

तर अशा माणसाच्या घरी एके दिवशी रिकव्हरिन आलं.

त्यांचा एक जुना विद्यार्थी पुण्याला कुठल्याशा प्रयोगशाळेत होता. त्याने थर्माकोलच्या मोठ्या खोक्यात, कोरड्या बर्फात घालून ते पाठवलं. खोकं एवढं की टीव्ही निघेल. भाऊजींनी हातमोजे घातले, वाफा बाजूला केल्या, आणि आतून करंगळीच्या पेराएवढी नळी काढली. तळाशी चार थेंब पांढरं काहीतरी गोठलेलं.

"एवढंच?" मी म्हणालो.

"एवढंच," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "माणसाच्या डोळ्याच्या पडद्यातलं प्रथिन आहे हे."

ताईच्या हातातली बशी वाजली. "कोणाच्या डोळ्यातलं?"

"कोणाच्याच नाही."

"कोणाच्याच कसं नाही? कोणीतरी मेल्याशिवाय—"

"अगं, जिवाणूंनी बनवलंय. माणसाचा जीन घेतला, जिवाणूत घातला. ते जिवाणू लाखांनी वाढले आणि त्यांनी माणसाचं प्रथिन तयार केलं. गाळलं, शुद्ध केलं. यात माणूस कुठे आलाच नाही."

ताईने जरा विचार केला. "म्हणजे बीटी," ती म्हणाली.

भाऊजी तिच्याकडे बघतच राहिले. आमच्या जिल्ह्यात त्या वर्षांत बीटी हा शब्द पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होता. जिवाणूचा जीन कपाशीत घातला की बोंडअळी मरते, एवढं पानठेल्यावरही शिकवलं जाई. इथे फक्त पेरणी उलटी होती. भाऊजींना वर्गात हे समजावायला अर्धं वर्ष लागायचं आणि तरी पोरं नापास होत.

रिकव्हरिनचं काम मला समजलं ते असं. उजेड डोळ्यात शिरला की पडद्यातल्या पेशी त्याला उत्तर देतात. उत्तर देऊन झालं की त्यांना पुन्हा पहिल्यासारखं व्हावं लागतं, म्हणजे पुढचं दिसेल. त्या पहिल्यासारखं होण्याचा वेळ सांभाळणाऱ्यांत हे एक. भाऊजींचं पीएच.डी. त्यावर चाललं होतं, इतकी वर्षं की माझ्या मुलीला पीएच.डी. हा एखादा जुना आजार वाटे. नागपूरच्या एका यंत्रावर शेवटचा प्रयोग उरला होता. यंत्राचा नंबर पंधरवड्यानंतरचा. त्यांचे मार्गदर्शक त्याच महिन्यात निवृत्त होणार. नंबर हुकला की सगळं हुकलं. आणि नळी एकच. एकदा वितळली की पुन्हा गोठवून उपयोग नाही, असं भाऊजी दिवसातून इतक्यांदा सांगत की आमच्या गल्लीतल्या कुल्फीवाल्याने ते उचललं.

आता पंधरवडा गोठवून ठेवायची नळी, आणि गाव लोडशेडिंगचं. पहिले दोन दिवस ती घरच्या फ्रीजमध्ये होती. भाऊजींनी फ्रीजला गोधडी पांघरली, वर ताईची शाल, वरून सुतळी. पाहुणे आले की दबक्या आवाजात विचारत, "कोण आजारी आहे?" कॉलेजात मोठा फ्रीजर होता, पण तिथलं जनरेटर प्राचार्यांच्या पंख्याला बांधील होतं.

तेव्हा भाऊजींना राठोड आठवला.

राठोड ढोरांच्या दवाखान्यात होता. गाईम्हशींना कृत्रिम रेतन करायचा. उत्तम वळूंच्या वीर्याच्या कांड्या जिथे ठेवतात तो द्रवरूप नत्राचा कॅन त्याच्या ताब्यात असे. त्याला ना लाइट लागे ना बर्फ. साऱ्या तालुक्यात वीजमंत्र्याची पर्वा नसलेली तेवढी एकच थंडी.

"सर, तुम्ही मले बारावीत पास केलं," राठोड म्हणाला. "तुमची चीज म्हंजे माह्या घरची चीज. कायचीच फिकीर करू नका." आणि माणसाच्या डोळ्यातलं ते चार थेंब प्रथिन नामवंत वळूंच्या सोबतीला गेलं.

बातमी अर्थातच फुटली. आठवडी बाजारात मला एकाने थांबवून विचारलं, "काऊन जी, तुमच्या भाऊजींनं माणसाच्या डोळ्याचं वासरू काढलं म्हंते, खरं हाय का?" दुसऱ्याला ते वासरू वाचून दाखवतं असं कळलं होतं. मी नाही म्हणालो, पण जरा उशिरा म्हणालो. एवढं महत्त्व मला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होतं.

नंबराच्या आदल्या दिवशी दुपारी भाऊजी नळी आणायला दवाखान्यात गेले आणि तसेच माझ्या ऑफिसात आले. चेहरा खडूसारखा. मोठ्या कॅनमध्ये नळी नव्हती. राठोड दौऱ्यावर होता आणि कुठे गेला ते नीट कोणालाच सांगता येत नव्हतं. शिपायाने एवढंच सांगितलं, लहान कॅन मोटरसायकलला बांधून गेला, शेवटी महागावकडे त्याच्या तांड्यावर मुक्काम करतो.

"स्कूटर काढ," भाऊजी म्हणाले.

माझ्या स्कूटरबद्दल मी बोलत नाही. चढावर ती माझी परीक्षा घेई आणि उतारावर देवाची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणीचा कापूस, मधून आम्ही. भाऊजी मागे बसून माझ्या खांद्यावरून घड्याळ बघत होते.

बोलणं सुचावं म्हणून मी विचारलं, "भाऊजी, हे रिकव्हरिन डोळ्यात घातलं तर कोणाला दिसायला लागेल का?"

"नाही."

"थोडंसुद्धा?"

"खोक्यावर लिहिलंय. फक्त प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठी. माणसांवर वापरायचं नाही."

"मग एवढा जीव कायले टाकून राह्यले?"

स्कूटरने दोन खड्डे घेतले. मला वाटलं, पडले. मग आवाज आला, "अंधार झाल्यावर डोळा कसा सावरतो, आणि एखाद्याचा का सावरत नाही. कुतूहल आहे."

'बाकी काही नाही' हे त्या वेळी म्हणायचं ते विसरले.

तांड्यावर आमची स्कूटर थांबली तशी चारदोन माणसं ओट्यांवरून उठली. त्या काळात आमच्या भागात पाहणीची पथकं फार येत. दिल्लीची येत, मुंबईची येत, कपाशीकडे बघून माना हलवत आणि जात. बॅग घेतलेला आणि चष्मा लावलेला माणूस दिसला की लोक आपापल्या जागा घेत.

"आले पाहणीवाले," एकजण म्हणाला. "बसा साहेब. काय लिवाचं थे लिवा, पन चहा घेऊन जा."

"आम्ही पाहणीवाले नाही," मी म्हणालो. "राठोड कुठे आहे?"

राठोड म्हशीला बघायला शिवारात गेला होता. त्याची आई, पांढऱ्या केसांची, हातभर बांगड्यांची, बाहेर आली. तिला तिथे सगळे याडी म्हणत; त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. भाऊजी खाटेवर बसले खरे, पण गुडघा हलत होता. सूर्य कललेला त्यांना दिसत होता. आणि तरी या माणसाने, एवढ्या जिवाच्या धास्तीत, याडीला विचारलं, "अंधारात दिसतं का तुम्हाला? लाइट गेल्यावर किती वेळाने दिसायला लागतं?"

याडीने हनुवटीवर बोट ठेवलं. "इतक्या कमिट्या आल्या बापा. भाव इचारला, बी इचारलं, फवारा इचारला. हे कोनीच नाई इचारलं." आणि मग तिने इतकं सविस्तर उत्तर दिलं की आजूबाजूचे दोघे आपापल्या डोळ्यांची तक्रार घेऊन पुढे सरकले.

"औषध आनलं का सोबत?" त्यातल्या एकाने विचारलं.

"औषध नाही ते," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी खोक्यावर काय लिहिलंय ते मराठीत करून सांगितलं.

तो माणूस हसायलाच लागला. "घ्या! आजवर ढीगभर पाकिटं पाह्यली. ह्यानं अळी मरते, ह्यानं बोंड फुगते. हे पयलं पाकीट, जे सोताच कबूल करते का ह्यानं काही होत नाई!"

तेवढ्यात राठोड आला. भाऊजी ताडकन उभे राहिले. मीच विचारलं, "नळी कुठे आहे रे?"

"नळी?" राठोडला प्रश्नच समजला नाही. "माह्यापाशी हाय ना. सरांची चीज दवाखान्यात सोडून कसा जाऊ जी? थ्या शिपायाचा काय भरोसा! लहान कॅनात घातली, संग घेऊन फिरून राह्यलो. आठ दिवस झाले. जिथं मी, तिथं थे."

म्हणजे भाऊजींचं रिकव्हरिन आठवडाभर तालुका हिंडलं होतं. सोळा गोठे, चार तांडे, एक लग्न. तो आम्हाला ओसरीत घेऊन गेला. देवाच्या फळीखाली कॅन उभा होता. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं.

"डोळ्याची चीज हाय म्हने," याडी म्हणाली. "म्हनून लावलं."

राठोडने झाकण काढलं, वाफेतून आतली दांडी वर उचलली आणि नळी डोळ्यांसमोर धरली. तळाशी चार थेंब, पांढरेशुभ्र, दगडासारखे. भाऊजींनी एकच श्वास सोडला. मला वाटतं दुपारपासून धरलेला तोच असावा. "आहे," ते म्हणाले. मग राठोडच्या आईच्या पाया पडले.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला राहणार नाही. दुसऱ्या दिवशी राठोड स्वतः कॅन घेऊन नागपूरला आला, नंबर हुकला नाही, प्रयोग झाला. यथावकाश भाऊजी डॉक्टर झाले आणि गल्लीतली माणसं खोकल्याचं औषध मागायला येऊ लागली. पण मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं.

आम्ही दिवेलागणीला पोचलो. मागोमाग मोटरसायकलवर राठोड आणि कॅन. ताई दारातच उभी होती. ती चहा टाकायला आत वळली, भाऊजीही हातपाय धुवायला आत गेले.

"हे खोलीत नका ठेवू जी," राठोड मला म्हणाला. "गॅस निघते. मोकळ्यात पायजे. अन् कुत्रं-गित्रं पाडाले नको." त्याने अंगणभर नजर टाकली, ओट्यावरची तुळशीची कुंडी उचलून नळाजवळ भिंतीला ठेवली आणि ओट्यावर कॅन बसवला. मी "थोडा डावीकडे" एवढी मदत केली. राठोड चहा घेऊन बहिणीकडे मुक्कामाला गेला. भाऊजी टॉवेलने तोंड पुसत बाहेर आले आणि लाइट गेली.

टाळी वाजली. आवाजात दिवसभराचा थकवा होता, पण वाजली. "कोणी काही लावायचं नाही!"

आम्ही तिघंच. खुर्च्या आपापल्या गोलात. "काय दिसतं?"

"तुळस," ताई म्हणाली. नेहमीसारखी, टेकायच्या आत.

आणि त्या दिवशी मला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी लवकर दिसलं. कॅन अल्युमिनियमचा, चकचकीत. ओट्यावर तो पांढरट उभा होता. मी जिंकलो होतो! तुळस तिथे नव्हतीच! मी तोंड उघडलं, "ताई, हरलीस तू, ते—"

माझ्या गुडघ्यावर भाऊजींचा हात पडला. घट्ट.

"बरोबर," भाऊजी ताईला म्हणाले. "पहिला नंबर तुझा."

मी ताईकडे पाहिलं. ती ओट्याकडे तोंड करून हसत होती. अगदी नेमकं ओट्याकडे. कॅन तिच्या समोर होता.

मग हळूहळू, अंधारात जसं एकेक दिसू लागतं तसं, मला एकेक दिसू लागलं. फरशीवरचे पांढरे गोल. डाव्या कोपऱ्यातला तांब्या. सूर्य कलला की उठणारं कोंबडं. संध्याकाळी दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चालणारे आमचे आजोबा, ज्यांचं म्हातारपण आम्ही वेळेआधी आलं असं समजत होतो. आणि माझी मुलगी सोबत असली की तिला भाऊजींचा तोच प्रश्न, पण आवाज वेगळा. ती "तुळस" म्हणेपर्यंत ते पुढे वाकून बसत, आणि म्हणाली की खिशातून लिमलेटची गोळी काढत.

"मी जरा पाणी पिऊन येतो," भाऊजी म्हणाले आणि उठले.

ते आत गेले नाहीत. अनवाणी ओट्यापाशी गेले. कॅन उचलून त्यांनी अंगणातल्या मोरीच्या कडेला ठेवला. नळाजवळची कुंडी दोन्ही हातांनी पोटाशी धरली, श्वास रोखून ओट्यावर चढवली, बोटांनी कुंडीचा जुना डाग चाचपला आणि बरोबर त्यावर बसवली. एवढ्या वजनाला जराही आवाज झाला नाही. सवय असल्याशिवाय असं जमत नाही.

ते येऊन बसले. ताईने अंधारात हात पुढे केला, त्यांचा हात सापडला, तसा धरला. मग ती थांबली. अंगठ्याने तिने त्यांचा तळवा चाचपला, आणि पदराचं टोक घेऊन त्यावरची माती सावकाश पुसून टाकली. त्यांनी हात काढून घेतला नाही.

बऱ्याच वेळाने लाइट आली.

"बघ," ताई मला म्हणाली, "आहे की नाही ओट्यावर तुळस?"

"आहे," मी म्हणालो.

मोरीच्या कडेला, ओल्यात, हळदकुंकू लावलेला कॅन उभा होता. झाकणाखालून थोडी वाफ निघत होती. भाऊजींनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.